कीटकनाशकांचा गुण : गावाचा सामाईक बांध

(पेण व रोहा तालुक्यांतील भात उत्पादक शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या या बैठकीला साठी-सत्तरी ओलांडलेली बरीच वडीलधारी मंडळी उपस्थित आहेत. त्यांना मी प्रथम एका जुन्या दृश्याची आठवण करून देणार आहे. आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात असे. त्या काळी हिवताप निर्मूलनाचे फवारणी पथक गावात आले की घराघरांतील भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण अंगणात निघे. भिंतींवर डीडीटीचा पांढरा फवारा बसे आणि फवारणी झाल्याची खूण व तारीख भिंतीवर रंगवली जाई. रंगाने लिहिलेल्या त्या तारखा पुढे कित्येक वर्षे जुन्या घरांवर दिसत असत.

भातावरील किडींविषयी बोलण्यासाठी आपण मला बोलावले असताना मी डासांपासून सुरुवात का करतो, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. आज मला जे सांगावयाचे आहे, ते डासांनी आपल्याला फार पूर्वीच शिकवून ठेवले आहे. तो धडा आपण घरात शिकलो, परंतु शेतात विसरलो.

डासांचा धडा

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास देशात दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि त्यांपैकी सुमारे आठ लाख लोक मृत्युमुखी पडत असत. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. हिवताप आता इतिहासजमा झाला, असे तेव्हा अनेकांना वाटले.

तथापि त्याच सुमारास एक लहानशी वार्ता आली होती. तेव्हाच्या मुंबई राज्यात असलेल्या पंचमहाल जिल्ह्यात 'अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस' या हिवताप पसरविणाऱ्या डासावर डीडीटीचा परिणाम कमी होऊ लागल्याचे १९५९ मध्ये नोंदविले गेले. पुढे डीडीटीच्या जोडीला बीएचसी आले, त्याचाही गुण उतरला. मग मॅलाथिऑन आले. आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील डास डीडीटी आणि बीएचसीपाठोपाठ मॅलाथिऑनलाही दाद देईनासे झाल्याचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान १९७६ मध्ये देशातील हिवतापाच्या रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली होती. या उलटफेराला एकच कारण नव्हते. पैसा अपुरा पडला, देखरेख ढिली झाली, रोगजंतूही औषधांना पुरून उरू लागले. परंतु डासांनी मिळविलेली प्रतिकारक्षमता हे त्यांपैकी एक प्रमुख कारण होते, याविषयी दुमत नाही.

शेतीशी या गोष्टीचा संबंध कसा, तो पाहा. क्युलिसिफेसीस जातीचा डास भाताच्या नव्याने लावलेल्या, पाणी साचलेल्या खाचरांतही वाढतो. आपण खोडकिड्यासाठी जे औषध मारतो ते त्या पाण्यातील डासांच्या अळ्यांवरही पडते. घरातल्या भिंतीवर जी निवड वर्षातून दोनदा होते, ती शेतातल्या पाण्यात हंगामभर चालू राहते. शेतीतील कीटकनाशकांमुळे डासांची प्रतिकारक्षमता वाढीस लागते, हे अभ्यासकांनी अनेक देशांत दाखवून दिले आहे. म्हणजे खाचरात वाया घालविलेला औषधाचा गुण आपल्याच घरातील पाळण्याजवळ कमी पडतो. म्हणूनच हा प्रश्न केवळ पिकाच्या उताऱ्याचा नाही.

कीड शिकत नाही, आपण तिची निवड करतो

'किडीला औषधाची सवय झाली' असे आपण बोलतो. बोलण्यापुरते ते ठीक आहे, पण प्रत्यक्षात घडते ते वेगळे. एखाद्या तुडतुड्याला औषधाची सवय होत नाही. तो मरतो किंवा जगतो.

समजा, एखाद्या गावच्या शिवारात दहा लाख तपकिरी तुडतुडे आहेत. त्यांपैकी दहांच्या अंगी जन्मतःच एखादा विशेष गुण आहे. औषधाचे विष शरीरातच मोडून टाकणारे पाचकद्रव्य त्यांच्यात अधिक असेल किंवा विष ज्या ठिकाणी जाऊन बसते त्या जागेची रचना थोडी निराळी असेल. फवारणी होण्यापूर्वी या दहांना काही विशेष महत्त्व नसते. आपण फवारणी करतो. बाकीचे मरतात आणि हे दहा उरतात. आता त्यांना जोडीदार मिळतो तोही त्यांच्यासारखाच. त्यांना खाणारे कोळीही त्याच फवाऱ्याने मेलेले असतात. मादी दोन-तीनशे अंडी घालते आणि सुमारे महिन्याभरात नवी पिढी उभी राहते. आपण तेच औषध पुन्हा मारतो, निवड पुन्हा होते. बियाण्यासाठी आपण शेतातील उत्तम लोंब्या निवडून ठेवतो, तशीच आपण नकळत बळकट किडीची पैदास करीत असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. एका औषधाला पुरून उरलेली कीड पुष्कळदा त्याच जातकुळीतील दुसऱ्या औषधालाही पुरून उरते. डीडीटी आणि नंतर आलेली पायरेथ्रॉइड गटातील औषधे यांचा मारा किडीच्या मज्जातंतूंतील एकाच ठिकाणी होतो. त्यामुळे पहिल्याविरुद्ध मिळविलेली ढाल दुसऱ्याविरुद्धही चालते. दुकानातून नव्या नावाची बाटली आणली म्हणजे नवे औषध आणले, असे होत नाही.

हा अनुभव जगभरचा आहे. अमेरिकेत फळझाडांवरील खवले कीड गंधक-चुन्याच्या द्रावणाला जुमानत नसल्याचे १९१४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. आपल्या देशात शिंगाड्यावरील भुंगेऱ्यांनी डीडीटी आणि बीएचसीविरुद्ध प्रतिकारक्षमता मिळविल्याचे १९६३ मध्ये नोंदविले गेले. १९८७-८८ च्या हंगामात आंध्र प्रदेशातील कापसावर हिरव्या बोंडअळीने थैमान घातले. ती अळी पायरेथ्रॉइड औषधांना दाद देत नव्हती. शेतकरी फवारण्या वाढवीत गेले, कर्ज वाढत गेले आणि पीक हाती आले नाही. कर्जबाजारी झालेल्या काही शेतकऱ्यांनी आपले जीवन संपविले. हीच अळी आपल्याकडे वालाच्या शेंगा पोखरते, ही गोष्ट पेण आणि रोह्याच्या शेतकऱ्यांनी विसरू नये.

भातावरील तुडतुड्यांचा इतिहास

भाताच्या बाबतीत तपकिरी तुडतुड्यांची कहाणी विशेष बोधप्रद आहे. अधिक उत्पन्न देणाऱ्या जाती आल्या, नत्राची मात्रा वाढली आणि फवारण्याही वाढल्या. त्यानंतर दुय्यम समजली जाणारी ही कीड आशियाभर प्रमुख कीड बनली. १९७३-७४ मध्ये केरळात तिचा मोठा उद्रेक झाला. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ मध्ये तुडतुड्यांना प्रतिकार करणारी आयआर-२६ ही जात दिली. परंतु दोन-तीन वर्षांतच त्या जातीवर जगू शकणारे तुडतुडे निर्माण झाले. १९९० च्या दशकात इमिडाक्लोप्रिड हे औषध आले आणि ते फार गुणकारी ठरले. २००३ ते २००५ या काळात थायलंडपासून चीनपर्यंत त्याचाही गुण उतरत असल्याचे आढळून आले आणि पुढे भारतातही तसेच दिसले.

या सर्व काळात एका देशाने उलट दिशेने पाऊल टाकले. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावर वापरल्या जाणाऱ्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांना शेतातील किडी व मित्रकीटक ओळखण्याचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. औषधे कमी केली म्हणून तेथील भाताचे उत्पन्न कोसळले नाही. तुडतुड्यांना आवरण्याचे काम मुख्यतः कोळी, हिरवे ढेकूण आणि चतुर करीत असतात व सरसकट फवारणीने आपण त्यांनाच आधी मारतो, हे त्या अनुभवाने सिद्ध झाले.

येथे सल्ला देणाऱ्या आमच्या पिढीनेही आपली चूक मान्य केली पाहिजे. एके काळी आम्ही शेतकऱ्यांना लावणीनंतर अमुक दिवसांनी पहिली, तमुक दिवसांनी दुसरी असे फवारणीचे वेळापत्रकच देत होतो. कीड आहे की नाही हे पाहण्याची गरज त्यात नव्हती. बीएचसीची भुकटी खाचरात धुरळणे हा एके काळी नेहमीचा उपाय होता. ती भुकटी १ एप्रिल १९९७ पासून बंद झाली, पण 'आधी मारून ठेवावे' ही वृत्ती मात्र शिल्लक राहिली. ती आम्हीच लावली आणि ती सोडविण्याची जबाबदारीही आमचीच आहे.

पेणचे शेत आणि रोह्याचे शेत

आपल्या दोन्ही तालुक्यांत मुख्य पीक भात असले, तरी किडीच्या दृष्टीने दोघांची परिस्थिती भिन्न आहे. पेणच्या खारेपाटात, वाशी, शिर्की, दादर, रावे या बाजूला, पावसाचे गोडे पाणी आहे तोवर भात आणि मग उन्हाळ्यात मिठाने पांढरी पडणारी मोकळी जमीन, असा क्रम आहे. गोड्या जमिनीत भाताच्या ओलीवर वाल होतो. रोह्यात मात्र भिरा येथील वीजकेंद्रातून सुटलेले पाणी कुंडलिकेतून डोलवहाळ बंधाऱ्यावर येते. त्याच्या कालव्यांखालील गावांत उन्हाळी भाताचे दुसरे पीक घेतले जाते.

पिवळा खोडकिडा जवळजवळ केवळ भातावरच जगतो. पेणमध्ये भात कापला की त्याचे अन्न संपते. तो धसकटात दडून पुढील पावसाची वाट पाहतो. तेथे निसर्गानेच किडीच्या वाटेत खंड पाडून दिला आहे. रोह्याच्या कालव्याखालील गावांत हा खंड आखूड होतो. वर्षात किडीच्या पिढ्या अधिक होतात. पिढ्या अधिक तितक्या फवारण्या अधिक आणि फवारण्या अधिक तितकी प्रतिकारक्षम किडीची निवड जलद. म्हणून रोह्याच्या बागायती गावांनी अधिक सावध राहावयास हवे. पेणच्या गावांनीही निर्धास्त राहून चालणार नाही. लांब पंखांचे तुडतुडे वाऱ्याबरोबर दूरवर जातात. त्यांना तालुक्याची शीव ठाऊक नसते.

पेणच्या शेतकऱ्यांचा आणखी एक धोका आहे. खारेपाटातील तळ्यांत आपण जिताडा वाढवितो. पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना अत्यंत विषारी असतात. खाचराचे पाणी तळ्यात वा खाडीत उतरते, तेव्हा शेतातील एका अनावश्यक फवारणीची किंमत तळ्यात मोजावी लागते. वालाच्या बाबतीतही हेच आहे. थंडीत ज्या शेंगांची आपण पोपटी लावतो, त्या शेंगांवर दोन दिवसांपूर्वी काय पडले आहे, याचा विचार प्रत्येक घराने करावा. औषधाच्या पत्रकावर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत, ते छापलेले असते.

फवाऱ्याआधीचे उपाय

किडीची प्रतिकारक्षमता रोखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे औषधाची गरजच कमी करणे. यातील बरेचसे उपाय आपल्या हातचे आणि अल्प खर्चाचे आहेत.

भाताची कापणी जमिनीलगत करावी आणि ओल आहे तोवर नांगरट करून धसकटे उलथून टाकावीत, म्हणजे त्यांत दडलेल्या अळ्या उन्हाने व पक्ष्यांमुळे नाश पावतात. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करावेत. खोडकिड्याची मादी पानाच्या टोकाजवळ अंड्यांचे पुंजके घालते व ते शेंड्यांबरोबर निघून जातात. लावणी फार दाट करू नये. तुडतुड्यांचा उपद्रव होणाऱ्या भागात दर दोन-तीन मीटरवर एक फुटाचा पट्टा मोकळा सोडावा, म्हणजे बुंध्याशी हवा आणि ऊन पोहोचते आणि पुढे फवारणी करावी लागलीच तर नळीचे टोकही बुंध्यापर्यंत जाते. युरिया एकदम न देता विभागून द्यावा अथवा चारसूत्री पद्धतीप्रमाणे गोळ्यांच्या रूपाने खोचावा. नत्राने गर्द झालेले पीक तुडतुड्यांना आमंत्रण देते.

सुरळीतील अळीसाठी खाचरात पाणी साठवून त्यात थोडे रॉकेल टाकावे, पिकावरून दोरी ओढून सुरळ्या पाण्यात पाडाव्यात आणि मग ते पाणी बाहेर काढून सुरळ्या गोळा करून नष्ट कराव्यात. हा जुनाच उपाय आहे. तो करताना हे पाणी तळ्याकडे जाणार नाही, एवढी दक्षता मात्र घ्यावी. खोडकिड्याच्या पतंगांवर नजर ठेवण्यासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे पुरेसे होतात. पतंग दिसू लागताच ट्रायकोग्रामा जातीच्या परोपजीवी कीटकाची कार्डे शेतात लावावीत. हा सूक्ष्म कीटक खोडकिड्याच्या अंड्यांतच आपली अंडी घालतो. त्याच्याविरुद्ध कोणत्याही किडीने औषधासारखी प्रतिकारक्षमता मिळविल्याचा आपला अनुभव नाही.

फवारणी करावयाची झाल्यास

कीड दिसली की फवारा, हा नियम सोडून द्यावा. लावणीनंतरच्या पहिल्या ३० ते ४० दिवसांत पाने खाणाऱ्या किडींसाठी सहसा फवारणीची गरज नसते. भाताला नवे फुटवे येतात आणि तो ते नुकसान भरून काढतो. याच काळात शेतात कोळी आणि इतर मित्रकीटकांची संख्या वाढत असते. त्यांना हा महिना देऊन टाकावा. त्यानंतर आठवड्यातून एकदा बांधावरून नव्हे, तर शेतात उतरून वीस-पंचवीस चुडांचे निरीक्षण करावे. गाभेमर ५ टक्क्यांपर्यंत पोहोचली किंवा एका चुडात ५ ते १० तुडतुडे आढळले, तरच औषधाचा विचार करावा. तुडतुड्यांबरोबर कोळीही भरपूर दिसत असतील, तर आणखी दोन-तीन दिवस थांबून पुन्हा मोजावे.

औषध निवडताना व्यापारी नावाकडे पाहू नये. बाटलीवरील तांत्रिक नाव वाचावे आणि ते औषध कोणत्या गटातील आहे हे कृषी सहायकास विचारावे. एकाच गटाचे औषध लागोपाठच्या दोन पिढ्यांवर वापरू नये. एक पिढी एका गटाने, पुढील पिढी दुसऱ्या गटाने, हा फेर पाळावा. रोह्यातील ज्या गावांत उन्हाळी भात आहे तेथे पावसाळी हंगामात वापरलेला गट उन्हाळ्यात वर्ज्य करावा. तुडतुड्यांच्या शेतात पायरेथ्रॉइड औषधे मारूच नयेत. त्यांनी मित्रकीटक मरतात आणि तुडतुडे पूर्वीपेक्षा अधिक वाढतात.

मात्रा शिफारशीएवढीच असावी. कमी मात्रेने अर्धवट ताकदीची कीड वाचते आणि तिची संतती वाढते. दुप्पट मात्रेने खरी प्रतिकारक्षम कीड मरत नाही, मित्रकीटक मरतात आणि फवारणाऱ्याच्या जीवाला धोका होतो. दोन-तीन औषधे एकत्र कालविण्याची पद्धत तर सर्वथा टाळावी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. त्याच वर्षी शेंदरी बोंडअळीने राज्यातील कापसाचे अतोनात नुकसान केले. बीटी कापसाच्या वाणांना ती अळी पुरून उरली होती. औषधाचा गुण गेला की शेतकरी मात्रा वाढवितो, मिश्रणे करतो, भर उन्हात तोंडाला फडके न बांधता फवारीत राहतो. गुण नाहीशा झालेल्या औषधाची शेवटची किंमत माणूस मोजतो, हे आपण विसरू नये.

त्या बीटी बियाण्याच्या पिशवीबरोबर साध्या कापसाच्या बियांची १२० ग्रॅमची एक लहान पिशवी दिली जात असे. ते बी शेताच्या कडेने लावावे, त्यावर साध्या बोंडअळ्या वाढाव्यात आणि त्यांचा संकर प्रतिकारक्षम अळ्यांशी होऊन तो गुण पातळ होत राहावा, असा त्यामागील हेतू होता. बहुतेकांनी ती पिशवी लावली नाही. तिचा उपयोग काय, हे त्यांना समजावून सांगण्यात आम्हीही कमी पडलो. भातासाठी अशी पिशवी मिळत नाही. खोडकिडा भाताखेरीज अन्यत्र फारसा जगत नसल्यामुळे साध्या, औषधाने मरणाऱ्या किडीला आसरा मिळतो तो फवारणी न झालेल्या भातातच. म्हणून कीड नसलेली शेते आणि खाचरे फवारणीविना राखणे हाच आपला आश्रयपट्टा होय. शेजाऱ्याने मारले म्हणून आपणही मारावे, या ईर्ष्येने तो आश्रय नाहीसा होतो.

औषध लागू पडले नाही तर

औषध मारून कीड मेली नाही, तर ती प्रतिकारक्षम झाली असा निष्कर्ष घाईने काढू नये. आपल्याकडे पावसाच्या सरीने फवारा धुऊन जाणे ही सर्वांत सामान्य गोष्ट आहे. तुडतुडे बुंध्याशी असतात आणि फवारा मात्र शेंड्यावर पडतो, हेही नित्याचे आहे. नोझल झिजलेले असते, औषध मुदत संपलेले असते, कधी किडीची ओळखच चुकलेली असते. यांपैकी काहीही नसेल, शेजारच्या तीन-चार शेतांतही तोच अनुभव आला असेल, तर मात्र संशय घ्यावा. अशा वेळी तेच औषध पुन्हा मारू नये. कोणते औषध, कोणत्या दिवशी, किती मारले याची नोंद घेऊन कृषी सहायकास कळवावे आणि जिवंत किडीचा नमुना द्यावा. कर्जत येथे भातासाठी आणि पनवेल येथे खारभूमीसाठी कोकण कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रे आहेत. शेतकऱ्याची वहीतील नोंद आणि शास्त्रज्ञाची कसोटी या दोन्ही एकत्र आल्या, तरच कोणत्या औषधाचा गुण शिल्लक आहे हे वेळेवर कळू शकेल.

समारोप

बंधू-भगिनींनो, कीटकनाशकाची बाटली विकत मिळते. परंतु त्या औषधाने किडीने मरावे, हा जो गुण आहे तो विकत मिळत नाही. तो निसर्गाने आपल्या शिवाराला दिलेला ठेवा आहे, तो एकट्याचा नाही आणि एकदा संपला तर सहजी परत येत नाही. डीडीटीचा असाच संपला.

सामाईक ठेवा कसा राखावा, हे खारेपाटातील शेतकऱ्यांना कोणी बाहेरून येऊन शिकविण्याची आवश्यकता नाही. आपल्या वाडवडिलांनी खाडीचे पाणी अडविण्यासाठी बांध घातले, उघाड्या बसविल्या आणि त्यांची निगा राखण्यासाठी जोळ निर्माण केला. प्रत्येकाने आपल्या वाट्याची माती टाकावी, उधाणाच्या रात्री बांधावर जागता पहारा ठेवावा, असा त्याचा दंडक होता. कारण बांधाला खांड गेली की खारे पाणी ज्याने हयगय केली त्याचेच शेत शोधत जात नाही, ते साऱ्या गावाच्या शेतात शिरते.

औषधाचा गुण हाही तसाच एक बांध आहे. एका शेतातील बेसुमार फवारणी म्हणजे त्याला पडलेली खांड. म्हणून या हंगामापासून प्रत्येक गावाने एकत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्यात, अशी माझी विनंती आहे. लावणीनंतरचा पहिला महिना फवारणी करावयाची नाही. कोणत्या काळात कोणत्या गटाचे औषध वापरावयाचे, हे साऱ्या शिवारासाठी एकच ठरवावयाचे. आणि प्रत्येक फवारणीची नोंद गावात एका वहीत ठेवावयाची. ती वही एखाद्या शिकलेल्या मुलीच्या वा मुलाच्या हाती द्यावी. आपल्या भिंतींवर एके काळी फवारणीच्या तारखा रंगविलेल्या असत. आता त्या तारखा आपणच लिहावयाच्या आहेत आणि त्या जितक्या कमी असतील तितके आपले काम चांगले झाले, असे समजावयाचे आहे.